एसटी कुठं अडते?

१ जून १९४८ रोजी नगर–पुणे रस्त्यावर पहिली एसटी धावली. लाकडी सांगाडा, काथ्याच्या सीट, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. आमच्या जिल्ह्यातल्या लहान मुलालाही ही गोष्ट ठाऊक असते, कारण महाराष्ट्राच्या एसटीची सुरुवात आपल्या गावातून झाली हे सांगताना नगरकराची छाती थोडी फुगते. ही पुस्तिका मात्र त्या एसटीची नाही. ‘सिंपल टर्मिनल’ नावाचा एक छोटासा प्रोग्राम आहे, त्याच्या आद्याक्षरांवरून जगभर त्याला एसटी म्हणतात. बाकीच्या जगाला त्यात गंमत वाटायचं कारण नाही. आमच्या प्रयोगशाळेत मात्र पहिल्या दिवशीच एक मुलगी धावत आली, “सर, एसटी बंद पडली,” आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “कुठली? शेवगावची?”

तेव्हापासून हे नाव आमच्याकडे नुसतं नाव राहिलं नाही. दोन्ही एसट्यांचा स्वभावही मिळताजुळता आहे. बसायला गादी नाही, खिडकीला पडदा नाही, वाटेत चहा मिळेलच असं नाही. पण जिथं जायचं तिथं नेते. आणि अडली, तर ती का अडली हे प्रवाशालाच खाली उतरून पाहावं लागतं. माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेली ही पुस्तिका त्या खाली उतरून पाहण्याविषयी आहे.

आधी टर्मिनल म्हणजे काय ते सांगतो, कारण निम्म्या अडचणी इथल्याच गैरसमजातून येतात. काळ्या खिडकीत आपण आज्ञा लिहितो आणि उत्तर येतं, म्हणून ती खिडकीच संगणक आहे असं मुलांना वाटतं. तसं नाही. एके काळी संगणक एका खोलीत असायचा आणि त्याला तारेनं जोडलेलं टेलीटाइप यंत्र दुसऱ्या खोलीत: कळफलक, कागदाचा रोल आणि खडखडाट. युनिक्स घडवणाऱ्यांनी अशाच यंत्रांवर काम केलं. आजही लिनक्समध्ये ‘टीटीवाय’ हे नाव सापडतं ते त्या टेलीटाइपचंच. मग कागद जाऊन काच आली. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं व्हीटी-१०० हे टर्मिनल बाजारात आलं. त्याच्या पडद्यावर चोवीस ओळी, प्रत्येक ओळीत ऐंशी घरं. ऐंशीचा हा आकडाही आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रापासून चालत आलेला.

ती यंत्रं भंगारात गेली, पण त्यांच्याशी बोलायची भाषा राहिली. ‘आता रंग तांबडा कर’, ‘कर्सर तिसऱ्या ओळीवर ने’ अशा खुणांची ती भाषा. आज आपण उघडतो ती खिडकी त्या यंत्राचं सोंग घेते. टर्मिनल एम्युलेटर हा बहुरूपी आहे. एक्सटर्म १९८४ पासून हेच सोंग वठवतो आहे आणि वाढत्या वयाबरोबर त्याच्या अंगावर दागिने चढत गेले आहेत. एसटी हे सोंग कमीत कमी कपड्यांत वठवते.

ते कपडे कुणी उतरवले? ‘सकलेस’ नावाचा प्रोग्रामरांचा एक गट आहे. अन्सेल्म गार्बे यांनी २००६ मध्ये डीडब्ल्यूएम हा खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम लिहिला आणि तो दोन हजार ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही असं व्रत घेतलं. त्याच घराण्यातली ही एसटी. हिला मेनू नाही, सेटिंग्जची खिडकी नाही, उजव्या कडेला सरकपट्टी नाही. अक्षराचा आकार कायमचा बदलायचा तर सी भाषेतल्या फायलीत आकडा बदलून सगळा प्रोग्राम पुन्हा घडवायचा. ही साधेपणाची हौस कधीकधी उद्धटपणाच्या जवळ जाते, हेही इथंच सांगून टाकतो. स्वतःच्या संकेतस्थळावर ही मंडळी इतर टर्मिनलांविषयी जे बोलतात ते ऐकून आमच्याकडचे एखादे आजोबा म्हणाले असते, “अरे, जरा दमानं.”

मग आम्ही ही का धरली? हौस म्हणून नाही. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्यात परवानगी मिळाली आणि आमच्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव अशा साखर कारखान्यांच्या आसऱ्याला अभियांत्रिकीचे वर्ग भरू लागले. उसाच्या पट्ट्यात संगणक आला तो असा. जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात मी शिकवलं तिथं नवी यंत्रं पहिल्या प्रयोगशाळेत जायची आणि जुनी माझ्याकडे. एक-दोन गिगाबाइट स्मृतीच्या त्या यंत्रांवर ब्राउझर उघडला की बाकी सगळं धापा टाकायचं. त्यावर भारी टर्मिनल नको होतं. एसटी क्षणात उघडायची. शिवाय आतून कशी चालते हे मुलांना दाखवता येईल इतका तिचा कोड लहान होता. गाडी शिकवायची तर बॉनेट उघडणारी हवी.

आता अडण्याविषयी. आमच्या भागात एखाद्या व्यवहारात काहीतरी खटकलं की म्हणतात, “पाणी कुठंतरी मुरतंय.” ही म्हण प्रवरेच्या कालव्यावर वाढलेल्या माणसाला शब्दशः कळते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. तिथून आवर्तन सुटतं, नदीतून कालव्यात, कालव्यातून चारीत, चारीतून शेतात. टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळालं नाही तर तो धरणावर जाऊन ओरडत नाही. आपल्या बांधापासून उलटा चालत निघतो. चारी कोरडी आहे का? दार कुणी पाडलंय का? वरच्यानं पाट फोडलाय का? जिथं ओल संपते तिथं दोष.

टर्मिनलचंही अगदी तसंच आहे. कळ दाबली की ती आधी पडद्याची व्यवस्था पाहणाऱ्या एक्स सर्व्हरकडे जाते, तिथून एसटीकडे, एसटीतून एका खोट्या टीटीवायमध्ये, तिथून आज्ञा वाचणाऱ्या शेलमध्ये, किंवा शेलमधून तुम्ही प्रोग्राम चालवला असेल तर थेट त्या प्रोग्रामात. उत्तर त्याच वाटेनं उलटं येतं. पाच चाऱ्या, पाच दारं. मुलगा मात्र दिसतं त्यावर राग काढतो, आणि दिसते ती एसटी. या पुस्तिकेचा मोठा गुण हा की प्रत्येक दुखण्याला लेखक आधी विचारतात, ‘हे काम मुळात कुणाचं?’ तीस वर्षं शिकवून मला एवढंच पक्कं कळलं आहे: लहान टर्मिनलच्या तक्रारींपैकी बहुतेक बिघाड नसतात. ती त्यानं न घेतलेली कामं असतात. ती कुणाच्या अंगावर टाकली आहेत ते शोधलं की अर्धा प्रश्न सुटतो.

सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार: “सर, हँग झालं.” कळा दाबल्या तरी पडद्यावर काही उमटत नाही. मुलगा खिडकी बंद करतो आणि तासभराचं काम जातं. खरं म्हणजे फाइल साठवण्याच्या सवयीनं त्यानं कंट्रोल आणि एस दाबलेलं असतं. टेलीटाइपच्या काळात कागदावर छापणं मागं पडलं तर ‘थांब’ सांगायची ती खूण होती. टीटीवाय ती अजून पाळतं. म्हणजे दार कुणी बंद केलं, तर तुम्हीच. कंट्रोल आणि क्यू दाबा, अडलेलं सगळं धो-धो येतं. ही खोड कायमची मोडायची आज्ञाही पुस्तिकेत आहे. पण कंट्रोल-क्यू तेवढी आजच पाठ करा. तिनं माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी प्रकल्प वाचवले आहेत.

दुसरं तसलंच. चित्राची किंवा तयार प्रोग्रामची फाइल चुकून पडद्यावर ओतली की अक्षरं रेघोट्या होतात, जे लिहाल ते अगम्य दिसतं. बहुरूप्याच्या कानात भलत्याच खुणा गेल्या आणि त्यानं भलतंच सोंग घेतलं, इतकंच झालेलं असतं. दिसत नसलं तरी आंधळेपणानं ‘रीसेट’ लिहून एंटर दाबायचं. मुलांना याची भीती वाटते. न दिसणाऱ्या अक्षरांवर विश्वास ठेवणं शिकवावं लागतं.

ओळखपत्राचा गोंधळ जरा खोल आहे. प्रत्येक टर्मिनल आपलं नाव सांगतं. एसटी सांगते ‘एसटी-२५६कलर’. समोरचा प्रोग्राम ते नाव टर्मइन्फो नावाच्या नोंदवहीत शोधतो आणि या टर्मिनलशी कोणत्या खुणांनी बोलायचं ते ठरवतो. तुमच्या यंत्रावर ही नोंद असते. तुम्ही एसएसएचनं दूरच्या जुन्या सर्व्हरवर गेलात की तिथल्या वहीत ती नसते आणि तो सरळ सांगतो, असलं टर्मिनल मला माहीत नाही. गावात ओळखीनं चालणारा माणूस परगावच्या बँकेत गेल्यावर जे होतं ते. यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे एक्सटर्मचं नाव सांगायचं. काम भागतं, पण हे दुसऱ्याचं ओळखपत्र दाखवणं आहे. कधीतरी एखादी कळ किंवा एखादा रंग घात करतो. बरा उपाय म्हणजे आपली नोंद सोबत नेऊन तिथल्या वहीत चढवणं. दोन आज्ञांचं काम आहे. लेखकांनी ते नीट उकलून दाखवलं आहे, म्हणून मी इथं थांबतो.

डिलीटची कळ हे मात्र एसटीचं बदनाम दुखणं. कळ दाबावी तर कर्सरखालचं अक्षर पुसण्याऐवजी भलतंच काही घडतं. इथं एसटी नियमाला धरून आहे, आणि नियमाला धरणाऱ्या माणसाचा जगात जो अनुभव असतो तोच तिचा आहे. नोंदवहीतल्या नियमानुसार प्रोग्रामनं आधी ‘कीपॅड चालू कर’ अशी खूण द्यायची असते, तरच ती कळ ठरलेली खूण पाठवते. इतर टर्मिनलं नियम सैल सोडून काम भागवतात. बॅश हे शेल ती खूण आपणहून देत नाही. म्हणून बॅशच्या इनपुटआरसी नावाच्या फायलीत कीपॅड चालू करायची एक ओळ लिहावी लागते. दोष कुणाचा यावर मी एका विद्यार्थ्याशी पूर्ण चहा होईपर्यंत वाद घातला आहे. तो म्हणाला, “सर, नियम बरोबर आणि कळ चालत नाही, तर नियम काय चाटायचाय?” त्याचं चूक नव्हतं.

वर सरकून मागचं वाचता येत नाही, ही तक्रार मी तक्रार मानतच नाही. ते काम एसटीनं सांगून नाकारलं आहे. टीमक्ससारखा प्रोग्राम मध्ये घाला, तो मागच्या ओळी सांभाळतो; वर, सर्व्हरवर चालवला तर एसएसएच तुटलं तरी तिथलं काम जिवंत ठेवतो. लेखकांनी इथं स्क्रोलचा पॅच लावायचा सल्ला पहिल्या क्रमांकावर दिला आहे. मला तो पटत नाही आणि मी त्यांना तसं सांगितलं आहे. त्यांनी ऐकलं नाही, पुस्तिका त्यांची आहे.

पॅच म्हणजे ठिगळच. एसटीला हवी ती सोय जोडायची तर तिच्या कोडवर कुणीतरी शिवून ठेवलेलं ठिगळ लावायचं. ठिगळ ज्या कापडावर बेतलं ते कापड वेगळ्या आवृत्तीचं असेल तर ते बसत नाही आणि न बसलेला तुकडा ‘आरईजे’ शेपटीच्या फायलीत बाजूला पडतो. मुलं ती फाइल बघतच नाहीत. दोन ठिगळं एकाच जागेवर आली की भांडतात. पाच लावलीत तर ती एसटी राहत नाही, गोधडी होते. गोधडीला माझी हरकत नाही. फक्त मग ती बिघडली की मूळ विणकराला दोष देऊ नये.

पॅचच्याच प्रकरणात एक बारीक गोष्ट आहे, जिच्यापायी मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली. रंग बदलला, पुन्हा घडवलं, खिडकी तशीच. पुन्हा बदलला, पुन्हा तसंच. मुलं मागं उभी. शेवटी कळलं: मी ‘कॉन्फिग-डेफ’ ही मूळ नमुन्याची फाइल बदलत होतो. पहिल्यांदा घडवताना तिची ‘कॉन्फिग’ नावाची प्रत निघते आणि त्यानंतर घडवताना फक्त ती प्रतच वाचली जाते. मी दुकानातल्या नमुन्याच्या साडीला रंग देत होतो, घरची साडी कपाटात होती. ते सुधारलं तरी जुनी खिडकी जुनीच राहते. नवी उघडावी लागते. आणि नवी उघडूनही फरक नसेल तर यंत्रावर दोन एसट्या आहेत, एक लिनक्सबरोबर आलेली आणि एक तुम्ही घडवलेली, आणि तुम्ही चुकीच्या गाडीत बसला आहात. फलाट पाहून बसावं.

इमोजी दिसताच खिडकी नाहीशी होण्याचा प्रकार जुन्या यंत्रांवर अजून घडतो. दोष एक्सएफटी नावाच्या अक्षरं रंगवणाऱ्या ग्रंथालयात होता आणि २०२२ च्या २.३.५ या आवृत्तीत तो गेला. ग्रंथालय अद्ययावत करा, विषय संपला.

आता मराठी. पुस्तिकेचं सातवं प्रकरण मी सगळ्यात आधी वाचलं आणि प्रस्तावना लिहायला होकार दिला तो त्याच्यामुळे.

आमच्या प्रयोगशाळेत एका मुलानं जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांची यादी एका फायलीत लिहिली आणि एसटीत उघडली. पडद्यावर आलं ते असं: राहुरीचं ‘राहरी’, नेवाशाचं ‘नवासा’, संगमनेरचं ‘सगमनर’, पारनेरचं ‘पारनर’, अकोल्याचं ‘अकोल’, कर्जतचं ‘करजत’, पाथर्डीचं ‘पाथरडी’, जामखेडचं ‘जामखड’, श्रीगोंद्याचं ‘शरीगोदा’, श्रीरामपूरचं ‘शरीरामपर’. आणि शेवगावचं ‘शवगाव’. शेवगावची मुलगी रागावली, ते योग्यच होतं. चौदातले तीनच शाबूत राहिले: कोपरगाव, राहाता आणि नगर. ‘अहमदनगर’ लिहिलं तर अक्षर न अक्षर बरोबर, कारण त्या शब्दात एकही मात्रा-वेलांटी नाही. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. ‘अहिल्यानगर’ लिहिलं की एसटी ‘अहलियानगर’ दाखवते. यात राजकारण शोधू नका, यंत्राला तेवढी अक्कल नसते.

असं का होतं? व्हीटी-१०० चा वारसा आठवा: ओळीत ऐंशी घरं, एका घरात एक अक्षर. इंग्रजीला हे चालतं. आपल्याकडे एका अक्षरात दोन, तीन, चार खुणा एकत्र राहतात. युनिकोडमध्ये ‘ने’ हे न आणि मात्रा असे दोन संकेत आहेत. कोणत्या संकेताला किती घरं द्यायची हे प्रणालीतल्या एका तक्त्यावरून ठरतं. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार-औकार यांना तो एकेक घर देतो. मात्रा, उकार, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण यांना शून्य घर. शून्य म्हणजे ‘मागच्या अक्षराच्या अंगावर बस’. एसटीच्या घरात मात्र एकच संकेत मावतो. ती शून्याची खूण पुढच्या रिकाम्या घरात ठेवते, पुढं सरकत नाही, आणि पुढचं अक्षर येऊन तिच्यावर बसतं. मात्रा मेली. पहिली वेलांटी जगते, पण उच्चाराच्या क्रमानं स्वतःच्या घरात बसते, म्हणून ती पुढच्या अक्षराची वाटते. शिर्डीचं ‘शरिडी’ होतं. अक्षरांचे आकार जुळवणारा हार्फबझसारखा शेपर मूळ एसटीत नाहीच. त्यातून लोहितसारखा फाँट चौकोनात मावेल असा बेतलेला नसतो, त्यामुळे रुंद अक्षरं शेजारच्या घरात घुसतात किंवा कडेला कापली जातात. मुलं इथं तासन्‌तास फाँट बदलत बसतात. मात्रा मरण्यात फाँटचा दोष नाही. पाणी त्याच्या बरंच वर मुरतंय.

जे टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टंकलेखन शिकले आहेत त्यांना यात काहीतरी ओळखीचं वाटेल. टाइपरायटरही समान घरांचंच यंत्र. पण तिथं उकाराची किंवा मात्रेची कळ मारली तर कॅरेज पुढं सरकत नसे. खूण अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी उमटे. हाही शून्य घराचाच हिशेब. फरक एवढाच की कागदावर दोन ठसे एकावर एक पडले तर दोन्ही राहतात. एसटीच्या घरात दुसरा आला की पहिला पुसला जातो.

त्याच्याही आधी छापखान्यांनी हा प्रश्न खिळ्यांनी सोडवला. नगरचा त्यात एक धागा आहे. अमेरिकन मराठी मिशननं ‘ज्ञानोदय’ नगरहून १८४२ मध्ये सुरू केलं. याच मिशनच्या मुंबईच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे कापत होते, आणि त्यांच्या हाताखाली वाढलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. मुंबई पद्धतीत मात्रा, रफार, उकार यांचे वेगळे खिळे अक्षराच्या वर आणि खाली बसवत; त्याला डिग्री टाइप म्हणत. जुळाऱ्याला एका ओळीसाठी तीन थर जुळवावे लागत. काम किचकट, पण त्यानं ‘नेवासा’ची मात्रा कधी खाल्ली नाही. खिळ्यांची संख्या कमी करायच्या खटपटीत पुढं लोकमान्य टिळकही पडले. म्हणजे या लिपीला चौकटीत बसवायची डोकेदुखी जुनी आणि मातब्बर माणसांची आहे, आपली एकट्याची नाही.

आणि संगणकावरही हे एकदा सुटलं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या गटानं वाढवलेलं जिस्ट तंत्रज्ञान डॉसच्या त्याच ऐंशी घरांच्या पडद्यावर शुद्ध देवनागरी दाखवायचं. त्याचं कार्ड यंत्रात बसवावं लागे. याच परंपरेतून इस्की हा भारतीय लिप्यांचा संकेत आला आणि युनिकोडची देवनागरीची मांडणी त्याच्यावरून बेतली गेली. म्हणून ‘टर्मिनलमध्ये मराठी होणारच नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. तीसेक वर्षांपूर्वी होत होतं. मधल्या काळात ज्यांनी टर्मिनलं लिहिली त्यांच्या घरात वेलांटी नव्हती.

तर करायचं काय? सातव्या प्रकरणात लेखकांनी जे लिहिलं आहे त्याचा मला अभिमान वाटतो, कारण त्यांनी खोटा धीर दिलेला नाही. एसटीला दोनचार ठिगळं लावून मराठी दुरुस्त होत नाही. मराठी मजकूर वाचायचा असेल तर एमएलटर्म वापरा. ते बहुभाषी म्हणूनच घडवलेलं आहे. केडीईचं कॉन्सोलही बऱ्याच अंशी वाचण्याजोगं दाखवतं. नाहीतर सरळ एखाद्या साध्या संपादकात फाइल उघडा. आज्ञा एसटीत, मजकूर बाहेर. दोन गाड्या बदलून गेलं तर कमीपणा नाही.

एक धोका मात्र ठळक अक्षरांत सांगतो. फाइल शाबूत असते, बिघडलेली असते ती पडद्यावरची प्रत. एसटीतून उंदरानं निवडून मजकूर उचलला आणि दुसरीकडे चिकटवला तर मेलेल्या मात्रा मेलेल्याच राहतात. आमच्याकडे एका सहलीच्या सूचनेत असं घडलं: पडद्यावरून उचललेली यादी तशीच छापली गेली आणि फलकावर ‘शवगाव मार्गे’ लागलं. दोन दिवस ते कुणी काढलं नाही. सूचना चिकटवणारा मीच होतो. तेव्हापासून माझा नियम आहे: मजकूर उचलायचा तो फायलीतून, एक्सक्लिपसारख्या प्रोग्रामनं, पडद्यावरून कधीच नाही. हजेरीपट असो, मतदारांची नावं असोत की कांद्याच्या पट्ट्या, नावातली मात्रा गेली की माणूस बदलतो.

पुस्तिकेच्या भाषेविषयी एक शब्द. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्सचे धडे मराठीत ऐकवले आहेत आणि आमची कितीतरी मुलं पहिली आज्ञा त्यांवरूनच शिकली. पण ते ऐकायचे आहेत. अडलेल्या माणसाला बोट ठेवून वाचता येईल असं मराठीत फार थोडं आहे. लेखकांनी टर्मिनलला ‘अंतक’ वगैरे केलं नाही, शेलला ‘कवच’ केलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. जिथं बोलीतला शब्द होता तिथं तो वापरला, नव्हता तिथं मुलं बोलतात तोच ठेवला. आज्ञा मात्र यंत्राला हव्या तशाच रोमन लिपीत छापल्या आहेत. काही ठिकाणी घाई दिसते. एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडवरचं प्रकरण चारच पानांत उरकलं आहे. एसटी एक्सची आहे आणि वेलँडवर एक्सवेलँडच्या खांद्यावर बसून चालते, याचे परिणाम आणखी सविस्तर यायला हवे होते. पुढच्या आवृत्तीत येतील असं त्यांनी कबूल केलं आहे. मी ते इथं छापून ठेवतो आहे, म्हणजे विसरणार नाहीत.

ही पुस्तिका कागदावर घ्या. पडदा गोठला असताना पडद्यावरची पुस्तिका उघडता येत नाही. मागच्या बाजूला दहा कोरी पानं मुद्दाम सोडली आहेत. तुमच्या यंत्रावर यात नसलेलं काही अडलं, किंवा तुमच्या गावाचं नाव आम्ही दिलेल्या यादीपेक्षा वेगळं मोडलं, तर त्या पानावर चार गोष्टी लिहा आणि लेखकांना पाठवा: एसटीची आवृत्ती, फाँटचं नाव, लोकेल (यंत्रावरची भाषेची सेटिंग) आणि तुम्ही नेमकी कोणती कळ दाबलीत. “चालत नाही” एवढंच लिहू नका.